कडे एक, औषधे अनेक

सिंदेवाही, जि. चंद्रपूर

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

बीटा-लॅक्टम या जिवाणूनाशक औषधांचा धडा वाचून तू विचारलेस, की या सर्व औषधांत तेच चार अणूंचे कडे असेल, तर पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम अशी वेगवेगळी घराणी कशासाठी. आमच्या वॉर्डातल्या रुग्णांची समजूत नेमकी उलटी असते. नवे औषध म्हणजे जास्त ‘पॉवर’, असे ते धरून चालतात. मला या दोन्ही समजुती घातक वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते.

जिवाणूच्या पेशीभित्तीत साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि पेप्टाइडचे आडवे दुवे त्यांना एकमेकींशी बांधतात. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीत उभ्या-आडव्या कामट्या बांधलेल्या असतात, तशीच ही रचना. गाठ मारण्याचे काम ट्रान्सपेप्टिडेज हे विकर (एन्झाइम) करते आणि त्यासाठी पेप्टाइडच्या टोकाचे दोन डी-अ‍ॅलनिन ओळखते. बीटा-लॅक्टमची ठेवण त्या टोकासारखीच असल्यामुळे विकर फसून त्यालाच धरते, कडे उघडते आणि विकर तिथेच अडकून पडते. वाढत्या जिवाणूची भित्ती अशी कच्ची राहिली, की आतल्या दाबाने तो फुटतो. माणसाच्या पेशीला अशी भित्तीच नसते, म्हणून ॲलर्जी नसलेल्या रुग्णाला ही औषधे मोठ्या मात्रेतही बहुधा सोसतात.

भेद सुरू होतो तो कड्याच्या शेजारी. पेनिसिलिनमध्ये त्याला पाच अणूंचे कडे जोडलेले असते, तर सेफॅलोस्पोरिनमध्ये सहा अणूंचे, आणि तिथे दोन ठिकाणी बाजूच्या साखळ्या बदलता येतात. मूळचे ‘पेनिसिलिन जी’ (G) बहुतेक ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे भित्तीबाहेर आणखी एक आवरण असलेल्या, जिवाणूंचे ते आवरण ओलांडू शकत नाही. अ‍ॅम्पिसिलिनमध्ये एका अमिनो गटाची भर पडली आणि त्यांपैकी काहींपर्यंतची वाट खुली झाली.

जिवाणूंचे प्रत्युत्तरही एकाच प्रकारचे नसते. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज बनवून कडेच तोडतात. असे विकर अब्राहम आणि चेन यांनी १९४० सालीच, म्हणजे पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळू लागण्याआधी, नोंदवले होते. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः फारसे जिवाणू मारत नाही, पण अशा अनेक विकरांना निकामी करून सोबतच्या अ‍ॅमॉक्सिसिलिनला वाचवते. एमआरएसए हा औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू मात्र औषध जिथे चिकटते ते विकरच बदलतो, त्यामुळे तिथे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जोडून काहीच साधत नाही. आणि एनडीएम हे विकर तर मेरोपेनेमसारखे राखून ठेवलेले कार्बापेनेमही तोडते, पण अ‍ॅझ्ट्रिओनामला, ज्यात ते चार अणूंचे कडे एकटेच असते, ते तोडू शकत नाही. म्हणून औषध निवडताना जिवाणू कोणता आणि त्याचा डाव कोणता, हे आधी पाहावे लागते.

आता माझ्या रोजच्या कामातले. या औषधांचा परिणाम रक्तातली पातळी किती उंच गेली यापेक्षा ती पुरेशी किती वेळ टिकली यावर अवलंबून असतो. पेनिसिलिन जीचे रक्तातले प्रमाण साधारण अर्ध्या तासात निम्मे होते, म्हणून गंभीर आजारात ते दर चार तासांनी द्यावे लागते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला त्यासाठी सुमारे आठ तास लागतात, म्हणून बहुतेक वेळा दिवसातून एक डोस पुरतो. बेंझाथिन पेनिसिलिन स्नायूत इतके हळू विरघळते, की संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून ते तीन-चार आठवड्यांनी एकदा देतात. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची व्हायल स्टेराइल वॉटरने विरघळवताना पिवळसर द्रावण होते. ते आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट या सलाईनमध्ये) मी कधीही मिसळत नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन साका धरतो.

आणि एक ताप असा आहे, की तिथे हे सगळे घराणेच निरुपयोगी ठरते. धानाच्या निंदणाच्या दिवसांत स्क्रब टायफसचे रुग्ण येतात. त्याचा जंतू आपल्या पेशींच्या आत राहतो, तिथे ही औषधे पुरेशी पोहोचत नाहीत, आणि त्याची भित्तीही नाममात्रच असते. त्यावर मुख्यतः डॉक्सिसायक्लिन देतात. म्हणून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालू असूनही ताप उतरत नसेल, तर मी रुग्णाची काख, जांघ आणि कमरेची घडी पाहते, आणि किड्याच्या चाव्याची काळी खपली दिसली, की लगेच डॉक्टरांना सांगते. खपली नसली, तरी शंका सोडत नाही, कारण पुष्कळ रुग्णांना ती नसतेच.

तुझी आई