सागसायहून परतल्यावर

ओल्गी, बायान-ओल्गी प्रांत, मंगोलिया
डिसेंबर

ती. आबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

सागसाय गावाच्या पुढच्या डोंगरातून काल रात्री ओल्गी गावात परत आले. तिकडे फोनला रेंज नव्हती. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आबा निम्म्यात "बरं, बरं" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईसाठी. मी ठणठणीत आहे. रात्री पारा उणे पंचवीसच्या खाली जायचा, पण घरात चूल पेटलेली असायची आणि चुलीत गोवऱ्या. गाई-याकांचं शेण वाळवून केलेल्या, अगदी आपल्या गोवऱ्यांसारख्या. पहिल्या रात्री तो वास आला आणि मी निवांत झोपले. घर म्हणजे मातीच्या विटांचं बसकं दोन खोल्यांचं घर. हे लोक तंबूत राहतात अशी तुझी समजूत आहे, पण तंबू उन्हाळ्यात. गुरांना चारा मिळेल तसे वर्षातून तीन-चार वेळा मुक्काम हलवतात, आणि हिवाळ्याचा मुक्काम डोंगराच्या आडोशाला, पक्क्या भिंतींत. भिंतींवर मात्र तंबूतलेच भरतकाम केलेले मोठे पडदे लावतात आणि खाली लोकरीची जाड नमदी अंथरतात. वहिनीला सांग, एकेका पडद्याला बाईचे महिनेच्या महिने जातात.

माझ्याबरोबर प्रकल्पावर काम करणारा तो कझाख वेल्डर, ज्याच्याबद्दल मी मागे सांगितलं होतं, त्याचं हे आजोळ. त्याच्या मामांकडे राहिलो. मामा ब्युर्कित्शी आहेत, म्हणजे सोनेरी गरुड बाळगून कोल्ह्याची शिकार करणारे. उलानबातारहून विमानाने तीन तासांच्या वर, मग जुन्या रशियन फुर्गोन गाडीतून गोठलेल्या नदीवरून. हो आई, नदीवरूनच. बर्फ इतका जाड असतो की ट्रकही जातात.

मंगोलियात असूनही हा मुलूख मंगोलांचा कमी आणि कझाखांचा जास्त. यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात पलीकडून, आजच्या चीनच्या शिंच्यांगमधून, अल्ताई ओलांडून आले. 1940 साली त्यांचा वेगळा प्रांत झाला. बोली कझाख, धर्म मुसलमानी. खुद्द कझाखस्तानात 1930 नंतर सोव्हिएत सरकारने लोकांची गुरं काढून घेऊन त्यांना सामुदायिक शेतीवर बसवलं, त्या दुष्काळात दहा लाखांहून जास्त माणसं मेली आणि भटकं जगणं जवळजवळ संपलं. त्यामुळे गरुडाची विद्या बघायची तर आज मुख्यतः इकडेच यावं लागतं. गंमत म्हणजे 1991 नंतर इथले कितीतरी लोक कझाखस्तानात राहायला गेले. मामांचा थोरला भाऊही गेला. मामा म्हणाले, "त्याच्याकडे नळाला गरम पाणी आहे." पुढे काही बोलले नाहीत.

आता गरुड. ती मादी आहे. शिकारीला मादीच ठेवतात, नरापेक्षा आकाराने मोठी आणि धाडसी. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या वर, वजन सहा किलोच्या आसपास. बाहेरच्या खोलीत लाकडी अड्ड्यावर बसलेली असते, डोळ्यांवर चामड्याची टोपी, तोमगा. टोपी असली की दगडासारखी शांत. टोपी काढली की मान फिरवून एकेकाकडे असं बघते की आपण काय आगळीक केली ते आठवायला लागतं. मामांनी माझ्या हातावर एकदा बसवली. जाड हातमोज्यातूनही पंजाची पकड कळते. दहा मिनिटांत दंड भरून आला. घोड्यावर बसताना म्हणून खोगिराला एक बेचक्याचं लाकूड लावतात, बालदाक, त्यावर हात टेकवायचा. गरुड उजव्या हातावर आणि लगाम डाव्या हातात.

मला वाटलं होतं, पाखरू माणसाळतं, धन्याचा लळा लागतो, म्हणून परत येतं. फोटो बघून तसंच वाटतं. मामांना हे म्हटलं तर ते खूप हसले आणि भाच्यामार्फत म्हणाले, "माझ्यावर तिची माया नाही. तिला भूक आहे." मग त्यांनी जे सांगितलं आणि दाखवलं, त्यातच माझे सगळे दिवस गेले. प्रत्यक्ष शिकार त्यापुढे थोडीच होती.

उन्हाळाभर गरुड शिकार करत नाही. पिसं झडतात, नवी येतात, आणि तिला भरपूर खाऊ घालतात. शरद आला की ती लठ्ठ झालेली असते, तिला माणसाची गरज उरलेली नसते. अशी सोडली तर गेलीच. म्हणून हळूहळू तिची चरबी उतरवायची. मांसाच्या पट्ट्या पाण्यात भिजत ठेवतात, पाणी बदलत राहतात, रक्त निघून मांस पांढरं पडतं. ते खाल्लं की पोट भरतं पण अंगी लागत नाही. किती भिजवायचं, किती द्यायचं, याचं माप कुठे लिहिलेलं नाही. मामा रोज सकाळी तिच्या छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबून बघतात. मांस किती आहे, किती उतरलं, सगळं बोटांना कळतं. भूक कमी पडली तर उडून जाईल, जास्त झाली तर कोल्ह्यावर झेपावण्याचं बळ राहणार नाही, आणि उणे पंचवीसमध्ये अशक्त पाखरू एका रात्रीत मरतं. मधल्या त्या बारीक पट्टीत तिला चार महिने ठेवायचं. आबा, तुम्ही म्हणता ना की जनावराचं पोट ओळखता आलं पाहिजे, तर तुम्ही आणि मामा एका खोलीत बसायला हवेत. भाषेवाचून अडणार नाही.

आणि तरीही, माया नाही म्हणणारे हेच मामा संध्याकाळी तिला हातावर घेऊन तासभर बसतात, हळू आवाजात काहीतरी गुणगुणत. सुरुवातीच्या दिवसांत तर धन्याचा आवाज ओळखू यावा म्हणून रात्र रात्र जागतात. मी त्यावर काही बोलले नाही.

गरुड मिळवायच्या वाटा दोन. घरट्यातून पिल्लू आणायचं किंवा जाळं लावून तरुण पाखरू धरायचं. घरट्यातलं पिल्लू माणसाला आई समजतं आणि जन्मभर खाण्यासाठी ओरडत बसतं. मामांना ते आवडत नाही. त्यांची ही जाळ्यातली. त्यांचं म्हणणं असं की जिला आईने शिकार शिकवली आहे तिला आपण शिकवायचं काहीच नसतं, फक्त परत यायला शिकवायचं.

इथे मला आबांच्या गोष्टींतले चित्तेवान, म्हणजे शिकारीचे चित्ते सांभाळणारे, आठवले. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या चित्त्यांच्या गोष्टी आबा सांगायचे, त्या मी मामांना सांगितल्या. गाडीवर बसवलेला चित्ता, डोळ्यांवर टोपी, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. मामा मांडी बदलून पुढे सरकून बसले. त्यांचे प्रश्न थेट होते. बछडं धरत की मोठा? मोठाच, मी म्हटलं, कारण आईने न शिकवलेला चित्ता शिकारीच्या कामाचा नसतो. त्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली आणि बायकोला हाक मारून ते सांगितलं. मग विचारलं, किती वर्षांनी सोडत?

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि सांगायला नको वाटलं. सोडत नसत. पिंजऱ्यात त्यांना पिल्लं होत नसत, म्हणून रानातले धरत राहिले. इकडचे पुरेनात तेव्हा कोल्हापुरात आफ्रिकेतून आणले. पुढे गवताळ रानंही गेली, बंदुकाही आल्या, आणि 1952 मध्ये देशात चित्ता उरला नाही असं सरकारनेच जाहीर केलं. आता 2022 पासून पुन्हा आफ्रिकेतले आणून मध्य प्रदेशात सोडलेत, हेही सांगितलं. मामा बराच वेळ चहा ढवळत होते.

इथली रीत वेगळी. काही वर्षं शिकार झाली, साधारण दहाच्या आत, की वसंतात मादीला लांब डोंगरात नेऊन कायमची सोडतात. तिची जोडी जमावी, अंडी व्हावीत म्हणून. जाताना एक मेंढी कापून तिथे ठेवतात, पहिले काही दिवस तिचं भागावं म्हणून. काही माद्या माणसामागे परत येतात, म्हणून अंधारात सोडून यायचं किंवा डोंगराआड लपून बसायचं. मामांनी आजवर सोडलेल्यांपैकी एकीचं नाव काढलं तर मामीच उठून आत गेल्या.

शिकारीचं सांगते, पण आई, हे तू गाळलंस तरी चालेल.

दोघे लागतात. एक ब्युर्कित्शी, गरुड घेऊन उंच कड्यावर थांबतो. दुसरा खालून घोड्यावर हाकाटी करत झुडपं आणि खडकांच्या कपारी ढवळतो. मी खालच्याबरोबर, एका शहाण्या म्हाताऱ्या घोडीवर. ताजं बर्फ पडलं की कोल्ह्याचा माग दिसतो आणि हिवाळ्यातच त्याची लव दाट असते, म्हणून हा मोसम. बहुतेक दिवशी काहीही मिळालं नाही. सकाळपासून दुपारपर्यंत ओरडायचं, पापण्यांवर बर्फ धरायचं, आणि घरी यायचं. एकदा कोल्हा दिसला, मादी झेपावली, तो दगडांत शिरला, आणि ती रुसल्यासारखी एका सुळक्यावर बसून राहिली. मामा हातात मांसाचा तुकडा धरून तिला दीड तास बोलावत होते. त्या दिवशी भुकेचा हिशोब थोडा चुकला होता, असं त्यांनीच सांगितलं.

मिळाला त्या दिवशी सगळं काही क्षणांत झालं. खालून एक तांबूस ठिपका पळाला, वरून ती पंख अर्धे मिटून आली, आणि बर्फाचा धुरळा उठला. एका पंजाने तोंड दाबलेलं, दुसऱ्याने पाठ. मामा उतारावरून घोडा फेकत आले, कारण कोल्हा चावला तर गरुडाचा पाय जातो. कोल्ह्याला त्यांनी लगेच संपवलं, कोटाखाली झाकलं, आणि तिच्यापुढे मांसाचा तुकडा धरला. ती तो खाते तोवर शिकार पिशवीत. आबा, तुमचे चित्तेवान चित्त्याला पळीतून रक्त पाजायचे, तीच युक्ती.

मला आनंद झाला असं लिहिणार नाही. कोल्हा देखणा होता. पण उतारावर मामांचा चेहरा बघून मला त्यांच्यासाठी हायसं वाटलं, हेही खरं आहे. कातड्याची टोपी होईल. पूर्वी यावर घर चालायचं नाही तरी हातभार लागायचा. आता बाजारात स्वस्त चिनी कपडे आहेत आणि गरुडाचे पैसे मिळतात ते परदेशी पाहुण्यांकडून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओल्गीत गरुडांचा मोठा उत्सव भरतो, कड्यावरून सोडलेली मादी धन्याच्या हातावर किती लवकर येते याची शर्यत लागते. मामा जातात, बक्षिसंही आणतात, पण त्यांचं मत असं की तिथे काही लोकांकडे कधी कोल्हा न बघितलेले गरुड असतात. युनेस्कोने 2010 मध्ये या विद्येला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा मंगोलियाचंही नाव त्यात होतं. मामांना त्याचं कौतुक नाही, पण यंदा चाऱ्याचे भाव काय झाले ते तोंडपाठ आहे. गेल्या कडक हिवाळ्यात गेलेल्या मेंढ्यांचा आकडाही.

छोटीला सांगा, मुलीही हे करतात. 2014 च्या उत्सवात आयशोल्पान नावाची तेरा वर्षांची इथलीच मुलगी पहिली आली. मामांच्या नातीला ते माहीत आहे आणि ती रोज न सांगता गरुडाच्या अड्ड्याखालची घाण साफ करते. मामा अजून हो म्हणालेले नाहीत.

खाण्याचं राहिलं. दुधाचा खारा चहा दिवसातून कितीही वेळा, बरोबर तळलेले बाउरसाक आणि लोणी. मेंढी कापण्याआधी सगळे हाताची ओंजळ करून आशीर्वाद मागतात, मग चेहऱ्यावरून हात फिरवतात. शिजलेलं डोकं मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात. शेजारचे एक वयस्क गृहस्थ आले होते, मान त्यांना गेला आणि मी सुटले. घोड्याच्या मांसाचं सॉसेजही असतं, काझी म्हणतात. खाल्लं का ते विचारू नकोस. कांदा-लसूण मसाला मात्र मामींना इतका आवडला की अर्धी बरणी तिथेच ठेवली. पुढच्या पार्सलमध्ये दोन पाठव.

परवा विमान आहे, हवा बरी असली तर. मग पुन्हा प्रकल्पावर. आबा, एक काम करा. त्या चित्तेवानांच्या घरातलं कोणी अजून कोल्हापुरात असेल तर विचारा, चित्ता पळाला आणि हाकेला आला नाही तर काय करायचे? मामांनी निघताना दोनदा आठवण करून दिली आहे, आणि भाचा महिनाअखेरीस परत आजोळी जाणार आहे.

तुमची,
धाकटी