उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : आर्मीचा क्लास वन ट्रेड बँकेला चालत नाही

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, जय हिंद.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याच्या, वर्कशॉपसाठी केलेला माझा अर्ज जिल्ह्याच्या समितीने मंजूर केला आणि बँकेने परत पाठवला. शेरा एका ओळीचा : 'तांत्रिक पात्रता नाही, तारण नाही.'

आपल्याच योजनेत माजी सैनिक विशेष प्रवर्गात आहे. स्वतःचा हिस्सा ५ टक्के, ग्रामीण भागात अनुदान ३५ टक्के. सातवी पासची अट लागते ती १० लाखांवरच्या प्रकल्पाला. माझा त्याच्या आतला आहे. लघुउद्योगाला निदान १० लाखांपर्यंत तरी तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक. शाखेत वेगळं राज्य चालतं का?

तांत्रिक पात्रतेचं ऐका. ईएमईत, म्हणजे आर्मीची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, पोरगा आधी ट्रेड, म्हणजे एखादं तांत्रिक काम, शिकतो, मग क्लास थ्री, टू, वन अशा परीक्षा देत वर चढतो. उणे वीसमध्ये बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, डिझेलमधलं मेण फिल्टरमध्ये जमतं, आणि तरी जनरेटर चालूच ठेवायचा असतो. तिथे आयटीआयचा दाखला कोणी विचारत नाही.

आता इथलं काम. पाच एचपीचा जळालेला मोनोब्लॉक पंप आला की आधी कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, बघायच्या. स्टार जोडणीत दोन फेजच्या काळ्या आणि तिसरीच्या कोऱ्या असतील, तर एक फेज गेला होता आणि मोटार उरलेल्या दोनवर ओढत राहिली. डेल्टा जोडणीत उलटं, एकाच फेजच्या जळतात. सगळ्या सारख्या करपल्या तर व्होल्टेज कमी, नाहीतर लोड जास्त. हे न बघता नवी तार भरली की तीच मोटार पुन्हा दारात. जुनी वाइंडिंग काढताना वेढे मोजायचे, पिच, म्हणजे कॉइल किती खाचा सोडून बसते ते, लिहून ठेवायची, तारेचा गेज, म्हणजे जाडी, इनॅमल काढून मायक्रोमीटरने बघायचा. तसाच बघितला तर जाड येतो. मग स्लॉटला, म्हणजे त्या खाचांना, पेपर, कॉइल, कनेक्शन, मेगरने इन्सुलेशनची तपासणी, आणि शेवटी वार्निश. गोची इथेच होते. ओव्हन नाही म्हणून स्टेटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागात, २०० वॉटचा बल्ब सोडून सुकवावं लागतं. वरून कोरडं दिसतं, स्लॉटच्या आत ओलं राहतं. पावसाळ्यात ओल धरली की मेगर शून्य दाखवतो आणि शेतकऱ्याच्या शिव्या आम्ही खातो.

मागितलं काय होतं? बेकिंग ओव्हन, व्होल्टेज कमी-जास्त करायचा थ्री फेज डिमर, हायड्रॉलिक प्रेस, बेअरिंग पुलर. रणगाडा नव्हता मागितला.

बँकवाले म्हणतात, पेन्शन आहे ना, त्यावर पर्सनल लोन घ्या. म्हणजे अनुदान बुडालं, व्याज चढलं आणि हप्ता पेन्शनमधूनच कापला जाणार. वा रे स्वयंरोजगार! जाहिरातीत तुम्ही 'मंजूर' प्रकरणांचा आकडा छापता. मंजूर म्हणजे समितीचा शिक्का. पैसे हातात किती जणांच्या पडले, तो रकाना जाहिरातीत नसतो. कितीतरी फायली बँकेतून अशाच परत येत असतील. खोटं वाटत असेल तर मोजून घ्या, माणसं तुमच्याकडेच आहेत.

जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. पोरं शाळेत, आईबाप थकलेले, पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी. त्याच्यासाठी सरकारला एकच जागा सुचते : कुठल्यातरी सोसायटीचं गेट, बारा तासांची वॉचमनकी. सरकारी नोकरीत गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे म्हणे. 'पात्र उमेदवार नाही' असं लिहून त्यातल्या किती जागा दुसरीकडे वळवल्या, हेही एकदा जाहीर करा. बऱ्याच गेल्या, असं आमच्यात बोललं जातं. साताऱ्यात सभा असली की भाषणात अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाचं नाव हमखास येतं, माजी सैनिकांना पुढच्या रांगेत खुर्च्या मिळतात, शाल-नारळ होतो. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला शाखेतला अधिकारी विचारतो, "काम येतं याचा पुरावा काय?" पुरावा डिस्चार्ज बुकात, म्हणजे आर्मीतून सुटताना मिळणाऱ्या नोंदवहीत, लिहिलेला आहे, साहेब. वाचायची तसदी कोण घेणार?

तेव्हा दोनच गोष्टी करा. आर्मीचा ट्रेड क्लास हीच तांत्रिक पात्रता धरावी, असं परिपत्रक बँकांना जाऊ द्या. आणि फाईल परत करायची तर कोणत्या नियमाखाली, ते कलम आकड्यासह लेखी मिळू द्या. उत्तर जरा लवकर द्या. माझ्या ओव्हनच्या कोटेशनची मुदत ३० दिवसांची आहे. ती संपली की नवं कोटेशन, नवा प्रकल्प अहवाल आणि पुन्हा तीच खिडकी.

आपला,
एक माजी सैनिक, मोटार रिवाइंडर
ता. कोरेगाव, जि. सातारा