साडेसात तासांचं पाळणाघर डोंबिवलीच्या कामाचं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे दिवस आले की महिला व बालकल्याणाला किती रक्कम ठेवली, हे मी आवर्जून वाचते. शिलाई मशीन, घरघंटी, मुलींना सायकली, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहराचा अर्थसंकल्प उघडा, यादी थोड्याफार फरकाने हीच. त्यात मी एकच शब्द शोधत असते, पाळणाघर. सापडलाच तर एखाद्या ओळीत, 'विचाराधीन' या शेपटासकट.

मी डोंबिवली पूर्वेला पाळणाघर चालवते. 2002 साली माझ्या दोन खोल्यांच्या घरात तीन मुलांवर सुरू केलं, आता अकरा आहेत. बाहेर पाटी नाही. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'काकूंचं घर' विचारलं की कुणीही आणून सोडतं. पहिलं मूल सकाळी सात वाजता येतं, डोळ्यांत झोप, हातात अर्धं बिस्कीट. शेवटचं जातं रात्री आठला, आणि लोकलच्या हार्बर, ट्रान्स-हार्बर, मेन या मार्गांपैकी कुठेही काही अडकलं तर नऊला. म्हणजे दिवसाचे 13 तास. त्यात आईची नोकरी आठ तासांची, जेवणाची सुट्टी अर्धा-एक तास. बाकी सगळा वेळ फलाटावर, डब्यात आणि रिक्षाच्या रांगेत जातो.

आता सरकारी योजना बघा. केंद्राची 'पाळणा' योजना 2022 पासून महिलांसाठीच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमाखाली आहे. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, देशभरात 17,000 चं लक्ष्य, खर्चात केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40 टक्के. कागदावर उत्तम आहे. पण या पाळणाघरांची वेळ धरलेली आहे दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस. जिचं काम घराजवळ आहे, तिला हे पुरेल. मुंबईत सीएसएमटीला जाणाऱ्या बाईने साडेसात तासांत करायचं काय? जाऊन नुसतं कार्ड पंच करून परत यायचं?

दुसरी तरतूद कंपन्यांसाठी आहे. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं, आईला दिवसातून चारदा मुलाकडे जायची मुभाही दिली. माझ्याकडच्या एका बाळाच्या आईच्या ऑफिसात असं पाळणाघर खरोखर आहे, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), एसी वगैरे. ती बाळाला माझ्याकडेच ठेवते. साडेसातच्या फास्ट लोकलमध्ये महिलांच्या डब्यात एकदा चढून बघा, मग का ते विचारायची गरज उरणार नाही. ज्या गर्दीत स्वतःची ओढणी जागेवर राहत नाही, तिथे नऊ महिन्यांचं पोर घेऊन कुर्ल्यापर्यंत जायचं आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत आणायचं?

म्हणून मुंबईबाहेर राहून मुंबईत कमावणाऱ्या बायकांसाठी पाळणाघर घराच्या टोकाला हवं, ऑफिसच्या टोकाला नव्हे. आणि घराच्या टोकाला सरकार म्हणून जे काही आहे, ती महापालिका. ती बाई मालमत्ता कर, पाणीपट्टी इथेच भरते. तिचं मूल दिवसभर इथेच असतं. मग ही जबाबदारी आणखी कुणाची?

पैशाचं कारण मला पटत नाही. महिला व बालकल्याणासाठी नागरी संस्थांनी 5 टक्के राखून ठेवायचे, हा शासनाचाच दंडक आहे. (पाच टक्के नक्की कशाचे, बांधील खर्च आधी वजा करायचा की नंतर, यावर लेखाविभागाने खुशाल वाद घालावा.) अडचण वेगळीच आहे. मशीन एकदाच घ्यायचं असतं. मंडप घालून वाटलं, फोटो काढला, फाईल बंद. पाळणाघराला दर महिन्याच्या एक तारखेला पगार लागतो, यंदाही, पुढच्या वर्षीही. माझ्या मदतनीस बाईच्या जावेला असंच एक शिलाई मशीन मिळालंय. त्यावर आता टीव्ही ठेवलाय, कारण दोन वर्षांचा मुलगा पायडलमध्ये बोटं घालतो. त्याला सांभाळायला कुणी असतं तर मशीन चाललं असतं.

माझाच हिशेब सांगते, म्हणजे 'काकू छान कमावतात' हा गैरसमज जाईल. अकरा मुलं, प्रत्येकी 4,500 रुपये, एकूण 49,500. दोन मदतनीस बायकांचे 21,000. दूध, फळं, खिचडी, मेतकूट-भात, नाचणीची पेज मिळून 10,000. वीज, गॅस, साबण, फिनेल 4,000. उरले 14,500, आणि त्यात जागेचं भाडं नाही, घर स्वतःचं आहे. तासाला 43 रुपये पडतात. यापुढे फी वाढवली तर पहिली जाईल ती पोळी-भाजी केंद्रात काम करणारी आई. धुणीभांडी करणाऱ्या बायका तर माझ्या दारापर्यंत येतच नाहीत. त्यांच्या घरी सात-आठ वर्षांची बहीण शाळा बुडवून धाकट्याला सांभाळते. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिना 20 रुपये आणि जास्तीत जास्त 200 रुपये शुल्क होतं. असं उतरत्या पायरीचं शुल्क मला परवडणार नाही, महापालिकेला परवडेल.

एवढं मोठं शहर एकदम सांभाळा, असं मी म्हणत नाही. केंद्र-राज्याची योजना साडेसात तास देते, तर उरलेले साडेपाच तास महापालिकेने द्यावेत. अंगणवाडीची किंवा पालिका शाळेची रिकामी खोली, पंचवीस मुलं, बायकांच्या दोन पाळ्या. दुसऱ्या पाळीच्या दोघींना मिळून महिना 27,000 दिले तर एका पाळणाघराचे वर्षाला 3 लाख 24 हजार होतात, दहा पाळणाघरांचे 32 लाख 40 हजार. हे माझं वहीतलं गणित आहे, अभियंत्यांच्या अंदाजपत्रकासारखं नाही. पण शून्य कुठे चुकलेलं नाही.

शिवाय कंपन्यांचा पैसाही यात आणता येईल. मातृत्व लाभाचा कायदा आता ज्यात सामावला आहे, त्या 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आस्थापनांना महापालिकेचं सामायिक पाळणाघर वापरायची मुभा आहे. ते किती अंतरावर असावं हे नियमांनी ठरायचं. तिथे राज्य सरकारने कर्मचाऱ्याच्या घराचाही विचार करावा, म्हणजे बीकेसीतली कंपनी डोंबिवलीतल्या पाळणाघराला पैसे देऊ शकेल. पण त्यासाठी महापालिकेचं पाळणाघर आधी अस्तित्वात तर हवं!

वेळेबद्दल मी एवढी हटून का बसले आहे, तेही लिहिते. 26 जुलै 2005 ला, मुंबई परिसर पाण्याखाली गेला त्या दिवशी, माझ्याकडे नऊ मुलं होती. संध्याकाळी पाच जण गेली, चार राहिली. फोन बंद, वीज बंद. रात्री मेणबत्तीवर गुरगुट्या भात केला, चौघांना एका चादरीत झोपवलं. एकीचे वडील घाटकोपरहून रुळांवरून चालत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले, पायांत एकच चप्पल. त्यांनी विचारलं, 'काकू, ती रडली का?' साडेपाचला कुलूप लावणारं पाळणाघर असतं तर ती मुलं त्या दिवशी कुणाच्या ओट्यावर बसली असती, हा विचार मी अजून करते.

परवान्याचं आणि तपासणीचंही बघावं. 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातला मारहाणीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर मी आपण होऊन कॅमेरा बसवला. माझ्या दारी तपासायला मात्र आजवर कुणीही आलेलं नाही, आणि याचा मला आनंद नाही.

माझं वय आता एकसष्ट आहे, गुडघे बोलायला लागलेत. पुढच्या मे महिन्यात मी हे बंद करणार, असं आयांना सांगून ठेवलंय. 2011 पासून आपल्याकडे सभागृहातल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. प्रभागातल्या नगरसेविकांपैकी कुणी हा विषय स्थायी समितीत नेणार असेल, तर माझ्याकडचे चार लाकडी पाळणे, गाद्या, छोट्या खुर्च्या आणि दूध गरम करायची भांडी मी देते. पहिले तीन महिने बिनपगारी येऊन बसेन, नव्या बायकांना मुलं झोपवायला शिकवेन. फक्त दार सकाळी सातला उघडा, नऊला नको.

आपली,
एक पाळणाघरवाली काकू
डोंबिवली (पूर्व)