तुझ्या यादीतलं निम्मंच पाठवतेय

कोल्हापूर, २ जून

चि. आदित्य यास आईचे अनेक आशीर्वाद.

ब्रेकच्या सामानाची तुझी यादी मोबाइलवर आली तेव्हा आपल्या स्पेअरपार्टच्या दुकानात गर्दी होती, म्हणून फोन केला नाही. नंतर मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हो गं आई, हो" म्हणतोस आणि मधेच दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागतोस. कागद निदान पार्सलमध्ये तुझ्या हाताला लागेल.

कार्बनच्या डिस्क, रेसिंगचे पॅड, १९ मिमीचा मास्टर सिलिंडर, स्टीलच्या जाळीचे होज म्हणजे ऑइलच्या नळ्या, डॉट ४ ब्रेक ऑइल. आणि खाली, "होलसेलच्या भावात बघ ना." गिऱ्हाईक मागेल ते काढून द्यायचं आणि गप्प बसायचं, हे काउंटरवर पहिल्याच वर्षी शिकले मी. तुझ्या बाबतीत काही गप्प बसवत नाही.

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला, म्हणजे चारशे मीटरच्या सरळ शर्यतीला, गाडी पळवायची म्हणतोस. तिथे पळव. रस्त्यावर पळवण्यापेक्षा हजार पटीने बरं. चारशे मीटर संपताना तुझी हायाबुसा मोटरसायकल ताशी २३० किमीच्या आसपास असेल. गाडी २६६ किलोची, तू ७४ चा, म्हणजे ३४० किलोचा ऐवज. एवढ्या वेगातून शून्यावर यायचं म्हणजे किती उष्णता कुठेतरी जिरवावी लागते, याचा हिशेब मी बिलबुकाच्या मागे करून बघितला. दोन लिटर गार पाणी उकळेल एवढी. आपल्या चहाच्या मोठ्या पातेल्याएवढी. आणि वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते, हे तू इंजिनीअरिंगला शिकलास आणि विसरलास. ब्रेक वेग "खात" नाही, त्याची ऊब करतो. ती ऊब किती आणि किती वेळा, ते बघून ब्रेक निवडायचा.

मी हे कुठे शिकले ते तुला कधी सांगितलं नाही. बाबांनी नको म्हटलं होतं. १९८७ चा मे. लग्नाला दोन महिने झाले होते आणि आम्ही मालवणला निघालो होतो, फोंडा घाटाने. बाबांची टू-स्ट्रोक गाडी, पुढे-मागे ड्रम, मी मागे एकांगी बसलेली, मांडीवर माझ्या आईने दिलेली सामानाची पिशवी. दाजीपूर मागे टाकलं आणि उतार लागला. टू-स्ट्रोकला इंजिनाचा आवर जवळजवळ नसतो. आणि बाबांना तर सवय, ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरायची. पाच-सहा वळणं झाली आणि मला वास आला. कापड इस्त्रीला चिकटल्यावर येतो ना, तसा, पण त्यात काहीतरी कडवट. मी म्हटलं, काहीतरी जळतंय. ते म्हणाले, वणवा असेल. पुढच्या वळणावर लिव्हर थेट मुठीला टेकली. ड्रम ब्रेकमध्ये लायनर आतून पसरून चाकातल्या डब्याला धरतात. तो डबा तापून फुगलेला, लायनर कितीही पसरले तरी धरायला काही नाही. मागचा, पायाचा ब्रेक तर आधीच पोकळ झाला होता. त्यांनी गिअर पाडत पाडत गाडी आतल्या अंगाला घेतली आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग होता, त्यात घातली. माझ्या कोपरावरचा व्रण तू लहानपणी विचारायचास तो हाच. चुलीवर भाजलं असं सांगत आले. खाली उतरल्यावर ते बाटलीतलं पाणी ड्रमवर ओतायला निघाले, तेव्हा मागून आलेल्या ट्रकच्या क्लीनरने हात धरला. लाल तापलेल्या बिडावर गार पाणी टाकलं तर तडकतं, म्हणाला. अर्धा तास आम्ही चिऱ्यांवर बसून होतो. ब्रेक आपोआप परत आला, जणू काही झालंच नव्हतं.

आता तुझ्या यादीकडे येते.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, पॅड तिला दोन्हीकडून आवळतात. तिचं मोठेपण हेच, की ती उघड्या वाऱ्यात असते. तापली तर जाड होते, म्हणजे पॅडच्या जवळच येते, ड्रमसारखी लांब पळत नाही. होंडाने १९६९ मध्ये सीबी ७५० ला पुढे डिस्क लावली ती याचसाठी. तुझ्या गाडीला आधीच ३१० मिमीच्या दोन डिस्क आणि पॅड आवळणारे ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर आहेत. ड्रॅगला एकदा थांबायचं असतं. मग परत रांगेत जाऊन उभं राहायचं, तोवर सगळं निवतं. फोंडा घाटापेक्षा ते काम सोपं आहे, वेग तिप्पट असला तरी.

म्हणून कार्बनच्या डिस्क रद्द. २०२३ ला ग्रेटर नोएडाला मोटोजीपी बघून आल्यापासून तुझ्या डोक्यात हे भूत आहे. त्या डिस्क दोनशे-अडीचशे अंश तापल्याशिवाय धरतच नाहीत. ते लोक त्या तापवायला आधी पूर्ण फेरी मारतात. तुला पहिल्याच दाबाला ब्रेक हवा, आणि घरी येताना चांदणी चौकात समोर रिक्षा आडवी आली तर तिथेही हवा. रेसिंगच्या पॅडचं थोडंफार हेच, गार असताना घसरतात. मी सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून भाजलेले पॅड पाठवतेय, कंपनीच्याच जातीचे. पावसातही धरतात. सुरुवातीला पंचवीस-तीस वेळा साठवरून वीसवर हळूहळू आण, पूर्ण थांबवू नकोस, म्हणजे पॅड डिस्कवर बसतील. डिस्कला ग्रीसचा हात लावू नकोस. चेनचा स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर कापड टाक.

मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लिव्हर ओढली की ऑइलला दाब देतो त्याचं ऐक, कारण इथे निम्मा बाजार फसतो. मोठा म्हणजे जोरदार असं वाटतं ना? उलटं आहे. १६ च्या जागी १९ मिमीचा पिस्टन घातलास तर तेवढ्याच बोटांच्या जोराला दाब तीस टक्क्यांनी कमी. लिव्हर दगडासारखी लागते आणि पोरं म्हणतात, वा, काय कडक ब्रेक झाला. कडक लिव्हर झाली रे, ब्रेक नाही. हा रद्द.

होज पाठवतेय. जुना रबरी होज दाबाखाली फुगतो, बोटांचा जोर तिथेच वाया जातो. सोबत तांब्याचे वॉशर आहेत, होज जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन-दोन. जुने परत वापरायचे नाहीत, कितीही चांगले दिसले तरी.

ऑइलचा एकच छोटा डबा देतेय. डॉट ४ हवेतली ओल ओढून घेतं. नवं असताना किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही, ओल धरली की नियमाप्रमाणे १५५ पर्यंतच टिकण्याची हमी. उकळलं की वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पुन्हा लिव्हर मुठीला. उरलेलं ऑइल कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरणारे शहाणे मी रोज बघते. दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी उभी असली तरी. तुझ्या गाडीला एबीएस आहे, चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, तेव्हा ऑइलमधली हवा नीट निघाली नाही तर लिव्हर स्पंजसारखी लागेल. घरी खटपट करत बसू नकोस, ज्याच्याकडे एबीएसचा पंप फिरवणारं मशीन आहे त्याच्याकडे जा.

आता खरं बोलायचं ते. डिस्कचा जो फोटो पाठवलास, त्यात कोपऱ्यात पुढच्या टायरची कड आलीय. मी चष्मा लावून, फोटो मोठा करून वाचलं. लंबगोलात चार आकडे: ३५१८. २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. गाडी विकणारा तुला म्हणाला होता, टायर नवे आहेत, नक्षी बघा. नक्षी आहेच, गाडी उभी होती ना. पण रबर वाळून कडक झालंय, आणि तुझे ते ब्रेम्बो कितीही आवळले तरी जमिनीला धरायचं काम त्या कडक रबराच्या तळहाताएवढ्या तुकड्याला करायचंय. ते सुटलं की एबीएस ब्रेक सोडतो, आणि तू पुढे जात राहतोस. कार्बन आणि सिलिंडरचे वाचलेले पैसे इथे घाल. पुढे १२०/७०, मागे १९०/५०, दोन्ही सतरा इंची. कडेला "झेडआर" आणि कंसात "डब्ल्यू" छापलेलं बघून घे. कंसातला डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीच्या वरच्या वेगाचा. चार आकडे दुकानातच वाच, बिल व्हायच्या आधी.

आणि धावपट्टीवर चारशे मीटर संपले की लगेच ब्रेकवर तुटून पडू नकोस. अॅक्सिलेटर सोड, छाती वर काढ, २३० ला वारा फुकटात खूप काम करतो. मग लिव्हर लिंबू पिळल्यासारखी, आधी हलकी, पुढच्या चाकावर भार आला की घट्ट. बाबा म्हणतात हे त्यांनी सांगितलं असं लिही. लिहिलं.

पार्सल आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघेल, सकाळी स्वारगेटला घे. ऑइल तळाला दोन पिशव्यांत गुंडाळलंय, सांडलं तर रंग खातं. भडंग वरच्या डब्यात आहे. जुने पॅड टाकू नकोस, याच खोक्यात परत पाठव. कुठल्या बाजूने जास्त झिजलेत ते बाबांना बघायचंय, त्यावरून कॅलिपरचा एखादा पिस्टन अडकतोय का ते कळेल.

तुझी,
आई