बाळाच्या सीटीची मूळ चित्रं पालकांना द्या

मा. संपादक,

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांच्या बातम्या आपल्याकडे येतात. मी नोकरीभर सीटी मशीनवर काम केलं. शस्त्रक्रियेच्या आधी जे घडतं, त्याबद्दल लिहिते आहे.

हृदयाला छिद्र आहे का, झडपा कशा आहेत, हे टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसतं. त्यात क्ष-किरण नसतात, म्हणून पहिली तपासणी तीच. साध्या छिद्राला बहुतेक वेळा सीटी लागतच नाही. पण काही निळ्या बाळांत (रक्तात प्राणवायू कमी पडून ओठ-नखं निळी पडणाऱ्या) फुप्फुसाकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनीच बंद असते आणि महाधमनीतून फुटलेल्या आडवाटेच्या वाहिन्या फुप्फुसाला रक्त पुरवतात. त्या किती, कुठून निघतात, कुठे अरुंद होतात, हे इकोत नीट दिसत नाही. हवेनं भरलेलं फुप्फुस आड येतं. तिथे सीटीला पर्याय कमी.

आता अडचण. गावाकडे सीटी होतो आणि आईबापाच्या हाती दोन-तीन फिल्म व रिपोर्ट पडतो. पुण्या-मुंबईचे सर्जन फिल्म पाहून म्हणतात, पुन्हा करा. चूक त्यांची नाही. फिल्मवर निवडक चित्रं असतात. त्यांना सीटीची एकामागून एक घेतलेली सगळी बारीक छेदचित्रं संगणकावर फिरवून ती वाहिनी शोधायची असते. मूळ चित्रं तोवर सेंटरच्या संगणकातून पुसलेली. मग त्याच बाळाला पुन्हा सुई, पुन्हा डाय (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध), पुन्हा किरण. आणि किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा लहानांना जास्त.

कधी मुळातच स्कॅन फसलेला असतो. किलोमागे एक-दोन मिली डाय, म्हणजे चार किलोच्या बाळाला जेमतेम चमचाभर. डाय सोडल्यावर स्कॅनची वेळ दोन सेकंदांनी हुकली की हवी ती वाहिनी भरलेलीच दिसत नाही. मोठ्यांना १२० केव्ही (किरणांची ताकद ठरवणारा विद्युतदाब) लावतात, तान्ह्याला ७०-८० पुरतात. तरी सेटिंग न बदलणारे आहेतच. (दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळलं तर वेगवान मशीनवर भूल न देताही बरीच बाळं निभावतात. घाईत तेही राहतं.)

तेव्हा सीटी लिहिण्याआधी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करणाऱ्यांना एक फोन करावा, आणि सेंटरनं मूळ डायकॉम चित्रं (मशीनमधून निघालेल्या संगणकी फाइली) न मागता द्यावीत. सीडी नको तर पेनड्राइव्हवर. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते. त्यात मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवताना देतात त्या संदर्भ चिठ्ठीवर ‘सीटीची मूळ चित्रं सोबत आहेत का?’ एवढी ओळ घालायला काय हरकत आहे? आणि सीडीचे वेगळे पैसे मागणाऱ्यांनी निदान तान्ह्यांच्या बाबतीत तरी ते सोडावेत.

– एक निवृत्त सीटी तंत्रज्ञ, मिरज