बरोबर आलं की फुगे. चुकलं की काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर हल्ली एकाच धाटणीच्या बातम्या येत आहेत. अमुक शाळेला 'एआय ट्यूटर', म्हणजे मुलांना शिकवणारं सॉफ्टवेअर, मिळाला, तमुक ठिकाणी कोडिंग लॅब झाली, फीत कापली, नारळ फुटला. फोटोत पाहुणे असतात, टॅब असतात, टॅबमागे मुलंही दिसतात. ते मूल टॅबवर चुकलं की पुढे काय होतं, एवढं मात्र एकाही बातमीत नसतं. माझं पत्र तेवढ्याचसाठी आहे.

मी चोपडा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला संगणकशास्त्र शिकवते. बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख, दोनशे मार्कांचा विषय. सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषेपासून 8085 या मायक्रोप्रोसेसरच्या प्रोग्रामपर्यंत सगळं त्यात येतं. लॅबमध्ये एका मशीनवर तिघं बसतात. माउस एकाकडे, कीबोर्ड दुसऱ्याकडे आणि तिसरा मागून नुसता "बरोबर शे ना?" करत असतो. अशा वेळी प्रत्येक मुलाशेजारी बसणारा कोणी मिळाला, मग तो माणूस असो की सॉफ्टवेअर, तर मला हवाच आहे. तंत्रज्ञान नको म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर लोक म्हणतील, मॅडमला नोकरीची काळजी.

मागच्या सत्रात एका कंपनीचा माणूस आमच्याकडे डेमो द्यायला आला. पोरगा चुणचुणीत, पुण्याकडचा, मराठी गोड. शिक्षकाने स्वतःचा प्रश्न टाकायचा, मुलाने प्रोग्राम लिहायचा आणि ट्यूटरने तपासायचा, अशी त्याच्या ॲपमध्ये सोय होती. मला ती आवडली. मी आमच्याकडचा नेहमीचा प्रश्न टाकायला सांगितला.

प्रश्न केळीचा आहे. आमच्या भागात फळपीक विमा हवामानावर ठरतो. थंडीत किमान तापमान ठरावीक अंशाखाली सलग काही दिवस राहिलं तरच भरपाई. खरे निकष शासन निर्णयात असतात. वर्गात मी सोपा आकडा धरते, 8 अंश किंवा कमी, सलग 3 दिवस. रोजचं तापमान द्यायचं आणि केळी निकषात बसते की नाही, हे प्रोग्रामने सांगायचं. इथल्या मुलांना हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. डिसेंबरात बागेत शेकोट्या पेटवून धूर करायला तीच तर जातात.

नवशिका हा प्रोग्राम असा लिहितो: मोजणी शून्यावर ठेवली. तापमान 8 किंवा कमी आलं की मोजणी एकाने वाढवली. मोजणी 3 झाली की 'निकषात बसते' असं छापलं. वाचताना सगळं ठीक वाटतं. गोम अशी की मध्ये एखादा दिवस उबदार निघाला तर मोजणी परत शून्यावर आणायची, ती ओळच नाही. म्हणजे हा प्रोग्राम थंडीचे एकूण दिवस मोजतो, सलग नव्हे.

मी मुद्दाम हाच चुकीचा प्रोग्राम टाकला. कंपनीच्या पोराने तपासणीसाठी आकडे दिले: 7, 8, 6, 12. उत्तर आलं 'निकषात बसते', पडद्यावर रंगीत फुगे उडाले, 'शाब्बास' आलं. मी म्हटलं, आता 7, 11, 8, 12, 6 टाका. यात सलग दोन दिवससुद्धा थंडी नाही. प्रोग्राम तरीही म्हणाला, बसते. या वेळी लाल फुली आली खरी. पण फुलीच्या खालीच अख्खा बरोबर प्रोग्राम, आणि त्याच्या शेजारी 'कॉपी करा' असं बटण.

मी विचारलं, "मुलाला काहीच विचारत नाही का हे?"
तो म्हणाला, "मॅडम, विचारत बसलं की मुलं ॲप बंद करतात."

खोटं बोलला नाही बिचारा. पण माझा सगळा आक्षेप त्या एका वाक्यात आहे.

आता हीच चूक वर्गात कशी सुटली ते सांगते. धरणगावकडून येणारी एक मुलगी, फार बोलत नाही. तिने नेमका असाच प्रोग्राम लिहिला होता. "मॅडम, मनं काय चुकनं?" मी सांगितलं नाही. वहीत तीन रकाने पाडायला लावले: दिवस, तापमान, मोजणी. आणि म्हटलं, आता तू कॉम्प्युटर हो, एकेक ओळ चालव. पहिला दिवस 7, मोजणी 1. दुसरा दिवस 11, मोजणी... तिने सवयीने 1 लिहिलं आणि पेन तसंच धरून बसली. "पण थंडी तर तुटली ना?" तिच्या पप्पांचा क्लेम एकदा या 'सलग'वरच अडकला होता. सलग म्हणजे काय, हे घरात रोज ऐकलेलं. मोजणी शून्यावर आणायची ओळ तिची तिने लिहिली. नंतर ती ओळ कुठे टाकायची यात आणखी दोनदा चुकली, तीही तिची तिनेच काढली. सगळ्याला पाव तास लागला असेल. तेवढ्यात मागच्या मशीनवर दोघांची माउसवरून मारामारी झाली, हेही खरं.

मला हवा असलेला ट्यूटर म्हणजे "11 अंश आले त्या दिवशी मोजणीत किती आहे?" एवढं विचारून गप्प बसणारा. असं सॉफ्टवेअर बनत नाही असं कोणी सांगू नये. संगणकाने शिकवण्याचा उद्योग आजचा नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची प्रणाली 1960 साली सुरू झाली, तेव्हा आपला महाराष्ट्र नुकता जन्मला होता. 1980 च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारा ट्यूटर केला. तो मुलाच्या प्रत्येक पायरीवर नजर ठेवायचा आणि पाऊल वाकडं पडलं की तिथेच सूचना द्यायचा. एआय म्हणून आज जे विकतात त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पायरीवर लक्ष ठेवणं आणि नुसतं शेवटचं उत्तर तपासणं, यात किती अंतर पडतं तेही मोजून झालेलं आहे. कर्ट व्हॅनलेन या संशोधकांनी 2011 साली आधीचे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले. शिकवणी नसलेल्या मुलांच्या तुलनेत फायदा मोजायचा त्यांचा एक मापदंड आहे. शेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाचा फायदा त्यावर 0.79 निघाला, पायरीपायरीने सोबत करणाऱ्या सॉफ्टवेअरचा 0.76, आणि फक्त उत्तर बरोबर की चूक एवढं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा 0.31. म्हणजे चांगलं सॉफ्टवेअर माणसाच्या जवळपास पोचतं. ज्यात फक्त फुगे नि फुल्या आहेत ते अर्ध्यावरही जात नाही. बिल मात्र दोन्हींचं सारखंच येतं.

आणि आयतं उत्तर देणाऱ्याची तऱ्हा याहून वाईट. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकणाऱ्या जवळजवळ हजार मुलांवर प्रयोग झाला. ज्यांना नुसता चॅटबॉट दिला त्यांचं सरावातलं काम 48 टक्क्यांनी सुधारलं. मग चॅटबॉट काढून परीक्षा घेतली, तर ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ही मुलं 17 टक्क्यांनी मागे. तिसऱ्या गटाला दिलेला चॅटबॉट उत्तर न देता सूचना देईल असा बांधलेला होता. त्या मुलांचं हे नुकसान जवळपास टळलं. गणिताचा प्रयोग आहे, प्रोग्रामिंगचा नाही. पण आमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला मी हेच बघते. जर्नलमधले प्रोग्राम अक्षरन् अक्षर बरोबर, आणि बाहेरच्या परीक्षकाने "ही ओळ काढली तर काय होईल?" विचारलं की पोरगं छताकडे बघतं.

हार्वर्डच्या नवशिक्यांच्या संगणक अभ्यासक्रमात 2023 पासून एक एआय मदतनीस आहे. त्याला तिथल्या मास्तरांनी बांधूनच असं घेतलंय की त्याने थेट उत्तर द्यायचं नाही, मुलाला तिथपर्यंत न्यायचं. हार्वर्डला जे मागता येतं ते आपल्या तालुक्याला मागता येत नाही असं थोडंच आहे?

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी मुलगा वसतिगृहात राहतो. वर्गात वर्षभर त्याने मला एक प्रश्न विचारला नाही. रात्री तो फोनवर चॅटबॉटला विचारतो, तेही तेच तेच, पुन्हा पुन्हा. त्याने मला तो संवाद दाखवला तेव्हा मी गार झाले. किती नेमके प्रश्न होते! यंत्र हसत नाही, वैतागत नाही, "एवढंही येत नाही?" म्हणत नाही. ही त्याची ताकद मी नाकारत नाही.

पण त्याच संवादात पुढे काय झालं तेही बघा. प्रश्न पावसाच्या सरासरीचा होता. रोजचा पाऊस देत जायचा, 99999 दिलं की थांबायचं आणि सरासरी छापायची. नवशिक्यांसाठीचा हा जुना, जगभर गाजलेला प्रश्न आहे. येल विद्यापीठात एलियट सोलोवे यांनी 1980 च्या दशकात तो वापरला आणि भल्याभल्यांची त्यात विकेट पडते हे दाखवलं. आमच्या पोराचा प्रोग्राम चॅटबॉटने 'अचूक' ठरवला. फोनवर चाललाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तो थांबेचना. 99999 द्या, काही द्या, आपला पुढचा आकडा मागतोय. पोराला वाटलं मशीन बिघडलं.

मशीन ठणठणीत होतं. आमच्या लॅबमध्ये अजून निळ्या पडद्याचा टर्बो सी++ हा जुना कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, आहे. त्यात साध्या पूर्णांकाची जागा 16 बिटांची, म्हणजे 32767 च्या वर आकडा मावतच नाही. जो आकडा त्या जागेत बसूच शकत नाही, तो आला की थांब, असं सांगून तो थांबणार कसा? फोनवरच्या कंपायलरमध्ये जागा 32 बिटांची, म्हणून तिथे सगळं सुरळीत. चॅटबॉटने एकदा जरी "कुठल्या कंपायलरवर चालवतोयस?" विचारलं असतं तरी गाठ सुटली असती. त्याने विचारलं नाही, आणि पोराला तर असं काही विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. (टर्बो सी++ अजून का आहे, हा स्वतंत्र पत्राचा विषय. लॅबची मशीन बघितलीत तर पत्राचीही गरज पडणार नाही.)

फुकटात काय मिळतं तेही शाळांनी आधी बघावं. फिलिप गुओ या अमेरिकेतल्या प्राध्यापकांचा 'पायथन ट्यूटर' नावाचा एक कार्यक्रम इंटरनेटवर आहे. नाव पायथन या भाषेचं असलं तरी सी++ पण चालवतो. प्रोग्रामची एकेक ओळ पुढे सरकवायची, आणि त्या क्षणी कुठल्या चलात काय आहे ते चित्रासारखं समोर दिसतं. आमच्या वहीतले तीन रकाने, फक्त पडद्यावर. ते चित्र उत्तर सांगत नाही, फुगे उडवत नाही. मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प आहे. छोटे ऑडिओ-व्हिडिओ धडे, ऐकत ऐकत शेजारी स्वतः करून बघायचे. धडे उतरवून ठेवले की नेट नसतानाही चालतात. आमच्याकडे 'नेट नसताना' याला किती किंमत आहे, ते गावात राहणाऱ्यालाच कळेल.

माझी मागणी मोठी नाही. जिल्ह्यात कोणतीही संस्था, ग्रामपंचायत किंवा शासनाचा विभाग असा ट्यूटर घेणार असेल, तर डेमोच्या दिवशी विषय शिकवणाऱ्या मास्तरांना बसवा आणि त्यांना चुकीचा प्रोग्राम टाकू द्या. केळीचा वर दिलाय तो वापरा, आकडेही दिलेत. ट्यूटरने पुढे काय विचारलं ते कागदावर लिहून घ्या आणि खरेदीच्या फायलीला लावा. उत्तर लगेच दाखवायचं की नाही, याची कळ शिक्षकाच्या हातात आहे का, तेही विचारा. कुठलं मूल कुठल्या ओळीवर किती वेळ अडकलं, याची नोंद शिक्षकाला दिसत नसेल तर आम्हाला त्याचा फारसा उपयोग नाही. एवढ्या मोठ्या वर्गात मला हवं असतं ते तेच. आणि पैशाचा शेवटचा हप्ता एक सत्र वापरून झाल्यावर, शिकवणाऱ्याची सही घेऊन द्या. ठिबकचं अनुदान सुटायला मोका तपासणी लागते, माणूस शेतात येऊन नळ्या मोजतो. टॅबच्या बिलाला तेवढी तरी असावी.

तपासणीला कोणी खरंच येणार असेल तर आमचं प्रॅक्टिकल गुरुवारी दुपारी असतं, लाईट असली तर.

आपली,
एक संगणकशास्त्र शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव