युरोपीय संसदेतला एस अँड डी गट काय मागतो आणि त्याला काय मिळतं

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

तुला युट्रेख्टच्या कोर्ससाठी युरोपीय संसदेतल्या मध्यम-डाव्या सोशलिस्ट्स अँड डेमोक्रॅट्स, म्हणजे एस अँड डी गटाच्या सध्याच्या धोरणांवर टिपण लिहायचं आहे. गटाचं संकेतस्थळ वाचून डोकं भणभणलं, असं तू लिहिलंस. भणभणणारच. तिथे घरं, पगार, हवामान, समता सगळंच प्राधान्याचं असतं. गटाला खरोखर काय हवं आहे ते ओळखायचं तर तीन गोष्टी बघ. कोणत्या फाइलचा रॅपोर्टर, म्हणजे संसदेच्या वतीने ती फाइल पुढे नेणारा सदस्य, गटाने आपल्याकडे मागून घेतला, कोणत्या मुद्द्यावर तो अडून बसला, आणि अखेरच्या मसुद्यात त्यातलं किती उरलं.

आधी आकडे, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. संसदेत 720 सदस्य आहेत, सगळे हजर असतील तर बहुमत 361 चं. जुलै 2024 मध्ये सभागृह बसलं तेव्हा उजवीकडच्या मध्यममार्गी ईपीपीकडे 188 जागा होत्या, एस अँड डीकडे 136, उदारमतवादी रिन्यूकडे 77, ग्रीन्सकडे 53 आणि द लेफ्टकडे 46. आता एस अँड डी, रिन्यू, ग्रीन्स आणि द लेफ्ट एकत्र धर: 312. म्हणजे डावीकडून बहुमत होतच नाही. ईपीपीला मात्र दोन वाटा मोकळ्या आहेत. एस अँड डी आणि रिन्यूला घेतलं तर 401. पॅट्रियट्स (84), ईसीआर (78) आणि ईएसएन (25) या उजव्या गटांना घेतलं तर 375. त्यामुळे इरात्शे गार्सिया पेरेझ यांच्या नेतृत्वाखालच्या एस अँड डी गटासमोर रोजचा प्रश्न एकच असतो: ईपीपीला दुसऱ्या वाटेने जाऊ न देता आपलं किती पदरात पाडून घ्यायचं. शिवाय कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा अधिकार फक्त युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेला आहे. गट मागणी करू शकतो, विधेयक आणू शकत नाही. टिपणात 'गटाने कायदा आणला' असं लिहू नकोस, परीक्षक तिथेच लाल रेघ मारेल.

गटाचं सर्वांत भरीव काम कामगार कायद्यांत आहे, आणि तू सायकलवरून खाणं पोचवतेस म्हणून प्लॅटफॉर्म कामाचा, म्हणजे ॲपवरून मिळणाऱ्या कामाचा डायरेक्टिव्ह तू नीटच वाचायला हवा (डायरेक्टिव्ह म्हणजे प्रत्येक देशाने आपल्या कायद्यात उतरवायचा युरोपीय कायदा). त्याचा क्रमांक 2024/2831, संसदेच्या वतीने वाटाघाटी केल्या गटाच्याच एलिझाबेत्ता ग्वाल्मिनी यांनी. आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये पाच निकष मांडले होते: त्यांतले दोन जुळले की रायडर नोकर मानायचा. सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेत तडजोड दोनदा कोसळली. तिथे विशेष बहुमताला 27 पैकी 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या लागते. अडवायला किमान चार देश आणि 35 टक्क्यांहून जास्त लोकसंख्या लागते. जर्मनी आणि फ्रान्स मिळून साधारण 34 टक्के होतात, म्हणजे दोघांच्याने अडत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रीस आणि एस्टोनियाही त्यांच्याबरोबर पाठिंबा न देता थांबले आणि देश चार झाले, टक्के 35 च्या वर गेले. 11 मार्चला ग्रीस आणि एस्टोनियाने बाजू बदलली आणि मसुदा सुटला. एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाचं मत एवढं मोलाचं का ठरलं, ते या गणितात आहे.

पण सुटला तो निकषांशिवाय. आता कंपनीचं नियंत्रण आणि हुकमत दिसली की नोकरी गृहीत धरायची, आणि ती नोकरी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, एवढंच तत्त्व उरलं. नियंत्रण कशाला म्हणायचं ते प्रत्येक देशाच्या कायद्यावर आणि न्यायालयांवर सोडलं. देशांनी आपापला कायदा करायची मुदत 2 डिसेंबर 2026.

माझ्या मते गटाची खरी कमाई दुसऱ्या भागात आहे, अल्गोरिदमवरच्या कलमांत, आणि ती स्वयंरोजगारावर काम करणाऱ्यांनाही लागू आहेत. खातं बंद करण्याचा निर्णय माणसानेच घ्यायचा, ॲपने परस्पर नाही. खातं रोखलं, बंद केलं किंवा पैसे नाकारले तर तो निर्णय लागू होईल त्या दिवशीपर्यंत लेखी कारण द्यायचं. तू फेरविचार मागितलास तर दोन आठवड्यांत नेमकं, कारणांसहित उत्तर द्यायचं. तुझी मनःस्थिती, खाजगी संभाषणं, काम करत नसतानाचा डेटा यांना हात लावायचा नाही. म्हणून आत्तापासून सवय लाव: दर आठवड्याच्या कमाईचा आणि फेऱ्यांचा स्क्रीनशॉट ठेव, ॲपमधले संदेश उतरवून ठेव. खातं बंद झालं की ॲपमधलं काहीच दिसत नाही, आणि मग दाद मागायला हातात कागद नसतो.

एक धोका मात्र गटाच्या पत्रकांत कुठेच सापडणार नाही. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला नेदरलँड्समध्ये नोकरी करायची तर मालकाने परवाना काढावा लागतो आणि आठवड्याला 16 तासांची मर्यादा असते, किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ. स्वयंरोजगाराला ही अट नाही. डच सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये डिलिव्हरू या खाणं पोचवणाऱ्या कंपनीचे रायडर नोकर आहेत असा निकाल दिला. म्हणजे ज्या गृहीतकाने तिथल्या रायडरचं भलं होतं, त्याच गृहीतकाने तुझ्यासारखीचं काम एका दिवसात बिनपरवाना ठरू शकतं. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन हे लेखी विचारून घे. टिपणातही हा मुद्दा घाल, कारण धोरण कुणासाठी आखलंय आणि कोण त्यातून निसटतंय ते इथे उघड दिसतं.

किमान वेतनाचा डायरेक्टिव्ह (2022/2041) याच घराण्यातला. तो कुणाला अमुक इतके युरो द्या असं सांगत नाही. वेतन पुरेसं आहे का ते मोजायला मध्यक वेतनाच्या 60 टक्के किंवा सरासरीच्या 50 टक्के हे दाखले सुचवतो. आणि 80 टक्क्यांहून कमी कामगार सामूहिक कराराखाली असतील तर देशाला कृती आराखडा करायला लावतो. माझ्या दृष्टीने वजन त्या 80 टक्क्यांत आहे, कारण युनियन नसेल तर किमान वेतन कागदावरच राहतं. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की याविरुद्ध न्यायालयात गेलं ते डेन्मार्क, म्हणजे सोशल डेमोक्रॅट मेट्टे फ्रेडरिक्सन यांच्या नेतृत्वाखालचं आघाडी सरकार. तिथे वेतन मालक आणि युनियन आपसांत ठरवतात आणि ब्रसेल्सने त्यात पडू नये, असं त्यांच्या युनियननाही वाटतं. 11 नोव्हेंबर 2025 ला न्यायालयाने डायरेक्टिव्ह बहुतांशी राखला, पण वेतन ठरवताना कोणते घटक धरायचे त्याची सक्तीची यादी आणि महागाईशी जोडलेलं वेतन घटवू नये ही अट काढून टाकली. 'मध्यम-डावे' हा एकसंध पक्ष नाही, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आता ज्याने गटाला सर्वांत मोठा फटका बसला ते. पुरवठा साखळीतल्या माणसांची आणि पर्यावरणाची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा डायरेक्टिव्ह गटाच्या लारा वोल्टर्स या डच सदस्येने संसदेतून पार नेला. मतदान झालं 24 एप्रिल 2024 ला, बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांची राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,134 माणसं गेली त्याच्या अकराव्या स्मृतिदिनी. मर्यादा होती 1,000 कर्मचारी आणि 45 कोटी युरोंची उलाढाल. जेमतेम दहा महिन्यांत, फेब्रुवारी 2025 मध्ये, आयोगाने 'ऑम्निबस' नावाखाली तो पातळ करायला घेतला. एस अँड डीने ईपीपीबरोबर कडू तडजोड स्वीकारली, निदान उरलंसुरलं वाचेल म्हणून. 22 ऑक्टोबरला ती 309 विरुद्ध 318 मतांनी पडली. मतदान गुप्त होतं, त्यामुळे कोण कुठे गेलं याची नोंद नाही, पण तडजोड अनेकांना पचली नव्हती हे उघड होतं. वोल्टर्स त्याआधीच वाटाघाटींतून बाजूला झाल्या होत्या. मग 13 नोव्हेंबरला ईपीपीने ती दुसरी वाट धरली आणि उजव्या गटांच्या मतांवर 382 विरुद्ध 249 अशी आपली भूमिका मंजूर करून घेतली. डिसेंबरमधल्या अंतिम मसुद्यात मर्यादा 5,000 कर्मचारी आणि 150 कोटी युरोंवर गेली. हवामान आराखड्याची सक्ती गेली, पीडितांना भरपाई मागण्याचा युरोपभर समान हक्कही गेला.

याचा धागा आपल्यापर्यंत येतो. सोलापूरचे टॉवेल युरोपातल्या दुकानांत जातात. मोठा खरेदीदार कायद्याने बांधलेला असेल तर कारखान्यातली आगीची वाट, ओव्हरटाइमचा हिशेब, सांडपाणी यांची विचारणा होते. मात्र अशी विचारणा बहुधा प्रश्नावलीच्या रूपात येते आणि खर्च पुरवठादाराच्या गळ्यात पडतो, भाव मात्र तोच राहतो. मूळ मजकुरात खरेदीदाराने आपली खरेदीची पद्धतही तपासावी असं होतं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मर्यादा वाढल्यावर असे बांधलेले खरेदीदारच कमी झाले.

याच्या उलट बाजूला सीबॅम आहे, सीमेवरचा कार्बन आकार. त्याचे रॅपोर्टर गटाचेच मोहम्मद शाहिम. 1 जानेवारी 2026 पासून तो पूर्णपणे लागू आहे: लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन, वीज. नट-बोल्टही त्यात येतात. हायड्रोजन आणि वीज सोडून, आयातदाराने वर्षाला अशा मालाचे 50 टन ओलांडले की बंधन सुरू होतं. भोसरीतल्या लहान कारखानदाराने कार्बन उत्सर्जनाचा प्रत्यक्ष हिशेब दिला नाही तर ठोकळ मूल्य लावतात, आणि ते मुद्दाम चढं ठेवलेलं असतं. युरोपातल्या पोलाद कामगाराची नोकरी वाचावी आणि कारखाने बाहेर पळू नयेत, ही गटाची भूमिका मला पटते. पण त्या पैशाचा वाटा गरीब देशांच्या कारखान्यांना बदलासाठी परत मिळावा ही मागणी कायद्यात पक्की बसली नाही, आणि तिथे भारताची तक्रार रास्त आहे.

घरांचा प्रश्न गटाने या कार्यकाळात वर आणला. डिसेंबर 2024 मध्ये संसदेची विशेष समिती झाली, अध्यक्षपदी गटाच्या इरेने तिनाल्यी. आयोगात प्रथमच घरांचं खातं आलं, ते डॅनिश सोशल डेमोक्रॅट डॅन यॉर्गनसेन यांच्याकडे. तरी युरोपीय संघ घरं बांधत नाही आणि भाडं ठरवत नाही. तो सरकारी मदतीचे नियम सैल करू शकतो, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचं कर्ज वळवू शकतो, आणि पर्यटकांना अल्पकाळ दिलेल्या घरांची नोंदणी मागू शकतो. तुझ्या खोलीचं भाडं डच गुणपद्धतीवर ठरतं. जास्त वाटलं तर खोलीची मापं, स्वयंपाकघर किती जण वापरतात, असं सगळं लिहून हुरकोमिसीकडे, म्हणजे भाड्याचे वाद सोडवणाऱ्या डच संस्थेकडे अर्ज कर, ब्रसेल्सची वाट बघू नकोस.

स्थलांतराबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल 2024 मध्ये संसदेने मंजूर केलेला स्थलांतर आणि आश्रयाचा करार लागू होण्याची तारीख 12 जून 2026. परत पाठवायच्या माणसांना युरोपबाहेरच्या केंद्रांत ठेवायला गटाचा विरोध आहे, पण गटातल्या डॅनिश सदस्यांच्या पक्षाचं फ्रेडरिक्सन सरकारच त्या कल्पनेच्या आघाडीवर राहिलं. तुझा निवासी परवाना या फाइलमध्ये येत नाही, एवढं लक्षात ठेव, बातम्या वाचून घाबरू नकोस.

पुढची मोठी लढाई 2028 ते 2034 च्या अर्थसंकल्पाची. आयोगाने 16 जुलै 2025 ला सुमारे 2 लाख कोटी युरोंचा आराखडा मांडला आणि शेती व मागास प्रदेशांचे निधी प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात कोंबले. गटाचा आक्षेप असा की पैसा राजधानीच्या हाती जाईल, प्रदेश आणि सामाजिक निधी भीक मागत राहतील. सहरॅपोर्टर म्हणून गटाच्या कार्ला तावारेस आहेत. इथे संसदेला कलमवार बदल करता येत नाहीत, फक्त 361 मतांनी हो किंवा नाही म्हणता येतं, आणि परिषदेत सर्व 27 देशांचं एकमत लागतं. म्हणून गटाची ताकद आधीच्या काळात आहे, 'नाही म्हणू' ही धमकी खरी वाटेल तोवर.

टिपणासाठी असं कर. संसदेच्या लेजिस्लेटिव्ह ऑब्झर्व्हेटरीत, म्हणजे प्रत्येक कायद्याचा प्रवास नोंदवणाऱ्या संकेतस्थळावर, फाइलचा क्रमांक टाक. रॅपोर्टर आणि प्रत्येक गटाचे छाया-रॅपोर्टर (आपल्या गटाच्या वतीने तीच फाइल सांभाळणारे सदस्य) यांची नावं उतरव. आयोगाचा प्रस्ताव, संसदेची भूमिका आणि अंतिम मजकूर शेजारी-शेजारी ठेवून 'करावे' जिथे 'करू शकतात' झालं ती वाक्यं अधोरेखित कर. मग नावानिशी मतदानाच्या यादीत डच सदस्य शोध. ग्रोएनलिंक्स (डच हरित पक्ष) आणि पीव्हीडीए (डच मजूर पक्ष) यांनी 2024 मध्ये एकत्र लढून आठ जागा मिळवल्या, पण चार सदस्य ग्रीन्समध्ये बसतात आणि चार एस अँड डीमध्ये. ते कुठे वेगळं मत देतात ते काढलंस तर टिपणात तुझं स्वतःचं काहीतरी येईल.

पहिला मसुदा झाला की पाठव, आकडे मी तपासून देते.

तुझी,
आई